वीज तोडणारे बटण

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



मार्चअखेर आली की महावितरणची वसुली मोहीम निघते. थकबाकीदारांची यादी घेऊन वायरमन दारात उभा राहतो. घरातली बाई ‘दादा, संध्याकाळपर्यंत भरते’ म्हणते. मग तो कधी फ्यूज काढून नेतो, तर कधी ‘उद्या साहेब येतील, बघा बुवा’ म्हणत पुढच्या दाराकडे वळतो. या घासाघिशीला कायद्याचाही आधार आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. स्मार्ट मीटरच्या पेटीत मात्र एक रिले असतो. दूरवरच्या सर्व्हरवरून आज्ञा सुटली की तो उघडतो आणि घरातली वीज जाते. दारावर थाप पडत नाही.

आज्ञाच चुकली तर काय होते, ते उत्तर प्रदेशाने पाहिले आहे. 12 ऑगस्ट 2020, जन्माष्टमीचा दिवस. तिथे दीड लाखांहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एका फटक्यात गेली. त्यांत बिल वेळेवर भरणारेही होते. पुढे पोलिसांच्या विशेष कृती दलाकडे तपास गेला, नवे मीटर बसवणे थांबले. वायरमनच्या चुकीने फार तर एखादे घर अंधारात जाते.

चूक नसतानाही प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये वीज कंपन्या बिल थकवणाऱ्यांचे स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेडवर टाकत होत्या. पैसे संपले की ऐन हिवाळ्यात हीटर बंद. गवगवा झाल्यावर ‘ऑफजेम’ या तिथल्या नियामकाने फेब्रुवारी 2023 मध्ये ही सक्ती थांबवायला लावली. एप्रिलमध्ये आलेल्या नव्या संहितेत सक्तीने प्रीपेड करण्याआधी ग्राहकाशी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न करण्याची अट आली. पण तोवर हिवाळा सरला होता. महाराष्ट्राच्या आयोगाने आधी जागे व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कारण इथली गोष्ट अधांतरी आहे. महावितरणने 2023 मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास स्मार्ट प्रीपेड मीटरची कंत्राटे दिली. मीटरमागे खर्च सुमारे 12 हजार रुपये, तर केंद्राच्या योजनेतून मिळणारे अनुदान जास्तीत जास्त 900 रुपये. उरलेला भार कुठून निघणार, हे दरवाढीच्या याचिका ऐकणाऱ्या आयोगाला वेगळे सांगायला नको. जनक्षोभ उसळला तेव्हा, जून 2024 मध्ये, सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. आता पोस्टपेड म्हणून, ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) या नावाने, स्मार्ट मीटरच भिंतीवर चढत आहेत. पेटी तीच आहे. पोस्टपेडचे प्रीपेड करायला माणूस पाठवावा लागत नाही, सर्व्हरवरची एक नोंद बदलली की झाले. मंत्र्यांचा शब्द आज आहे, उद्या खाते दुसऱ्याकडे जाईल. तो शब्द वीजपुरवठा संहितेत उतरवणे आयोगाच्या हाती आहे. त्यात एवढे असावे: ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय प्रीपेड नाही. पोस्टपेडवर दुरून वीज तोडायची झाली तरी 15 दिवसांची नोटीस आणि तोडण्याआधी प्रत्यक्ष भेट. प्रीपेडवर शिल्लक संपली तरी रात्री, सुट्टीच्या दिवशी आणि घरात आजारी माणूस असताना तोडणी नाही.

मीटर वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. ‘घर बंद’ असा शेरा मारून हाती दिले जाणारे सरासरी बिल या मीटरांमुळे संपेल. बिलावरच्या त्या धुरकट, तिरप्या फोटोतले आकडे भिंग लावून वाचायची पाळीही येणार नाही. (घरोघर फिरून तो फोटो काढणाऱ्या कंत्राटी रीडरचे पुढे काय, हे मात्र कुठल्याच निविदेचा विषय नाही.) आयोगाच्या जून 2025 च्या आदेशात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे 80 पैशांपासून सवलत ठेवली गेली, तीही या मीटरमुळेच. दुपारची सौरऊर्जा वाया जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण दुपारी वॉशिंग मशीन लावणार कोण? ज्याच्याकडे मशीन आहे आणि दुपारी घरात माणूस आहे, तो. सकाळी आठला घर सोडणाऱ्या नवरा-बायकोचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास संध्याकाळीच होणार. केंद्राच्या 2023 च्या नियमांत तर कमाल मागणीच्या वेळेला घरगुती दर किमान दहा टक्के चढा ठेवण्याची तरतूद आहे. ती इथे आणायची झाली तर निदान लहान ग्राहकाला त्यातून वगळावे.

दर अर्ध्या तासाची नोंद दिवसाकाठी जमा झाली की घरात माणसे कधी असतात, कधी नसतात, हेही कळते. याच भीतीने नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये सक्तीचे स्मार्ट मीटर अडवले होते. कंत्राटदाराला यातले काय दिसते आणि ते किती दिवस साठवले जाते, हे बिलाच्या पाठीवर साध्या मराठीत छापायला लावावे.

बिल फुगल्याच्या तक्रारींवरही उपाय कागदावर आहे. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करावी, असे केंद्राच्या नियमांतील फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीत म्हटले आहे. शाखा कार्यालयाच्या काउंटरवर किती जणांना हे सांगितले जाते? असे मीटर किती लागले, किती ठिकाणी फरक निघाला, याची मंडलवार यादी आयोगाने महावितरणकडून दरमहा मागवावी, ती लोकांपुढे ठेवावी आणि संहितेतल्या दुरुस्तीची जाहीर सुनावणी लावावी.

आपला नम्र,
एक वीजग्राहक