होमस्टेची छायाचित्रे आणि शासनाचे काम

गेल्या वीस वर्षांत पर्यटनाचा जो प्रकार आपल्या शासनांनी विशेष कौतुकाने वाढवला, तो म्हणजे होमस्टे. हिमाचल प्रदेशाने २००८ साली त्यासाठी योजना आणली. उत्तराखंडाने २०१८ साली दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने गृह आवास योजना काढून भांडवली अनुदान आणि व्याजात सवलत देऊ केली. केंद्राची अतुल्य भारत बेड अँड ब्रेकफास्ट योजना आहे, महाराष्ट्रात न्याहारी-निवास योजना आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. हेतू चांगला आहे. डोंगरातल्या, किनाऱ्यावरच्या कुटुंबाने आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, आणि शहरात नोकरी शोधत गेलेल्या मुलाला घरी परतायला एक कारण मिळावे.

या योजनांच्या कागदांत खाट, गादी, शौचालय, पाण्याची सोय, अग्निशमन, वाहनतळ अशा सर्व गोष्टींचा विचार असतो. त्यांतल्या तपासणीच्या याद्या पाहिल्या की आपण किती बारकाईने काम करतो याचे समाधान वाटते. परंतु ज्या एका गोष्टीवर त्या दोन खोल्या भरणार की रिकाम्या राहणार हे ठरते, तिचा गंभीर विचार मला या कागदांत क्वचितच दिसला. ती गोष्ट म्हणजे त्या घराचे छायाचित्र.

पूर्वी प्रवासी बसस्थानकावर उतरे, पाटी वाची, आत जाऊन खोली पाही, नाक मुरडून पुढच्या दारी जाई किंवा तिथेच पथारी टाकी. आज बंगळूरूला किंवा न्यू जर्सीला बसलेले मराठी कुटुंब कुमाऊँतली खोली मोबाईलवर ठरवते. ना त्यांना नाक मुरडून पुढे जाता येत, ना घरमालकिणीला "आत येऊन तर पाहा" असे म्हणता येत. पाटी, दार, खोली आणि यजमानाचा चेहरा, या चारही गोष्टींचे काम त्या पाच-दहा चित्रांना करावे लागते. एअरबीएनबी ही कंपनी आज जगभर पसरली आहे. परंतु २००९ साली ती अगदी लहान असताना तिच्या संस्थापकांनी न्यूयॉर्कमध्ये घरोघर जाऊन स्वतः कॅमेऱ्याने खोल्यांची चित्रे काढली होती, आणि त्यानंतरच त्यांचा धंदा हलू लागला. त्यांना जे तेव्हा समजले, ते आपल्या पर्यटन विभागांना समजायला हवे होते.

गंमत अशी की शासनाला घराचे छायाचित्र काढता येत नाही, असे मुळीच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून प्रत्येक घराची बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने, अक्षांश-रेखांशांसह छायाचित्रे काढली गेली. चित्र चढवल्यावर पुढचा हप्ता. इतक्या घरांची चित्रे जगात फार थोड्या शासनांकडे असतील. होमस्टेच्या नोंदणीतही इमारतीची आणि आतल्या सोयींची छायाचित्रे अर्जासोबत जोडायची असतात. ती जोडली जातात, त्यांवर सही-शिक्का होतो आणि ती फाईलमध्ये बंद होतात. आपल्याला छायाचित्र ठाऊक आहे ते पुरावा म्हणून. ते त्या कुटुंबाचे हत्यारही असू शकते, हे आपल्या कार्यपद्धतीत अजून उतरलेले नाही.

काही वर्षांपूर्वी पिथौरागढ जिल्ह्यातल्या एका गावी मी एका घरी उतरलो होतो. कुमाऊँत ज्याला बाखली म्हणतात, तशा एका रांगेत बांधलेल्या जुन्या घरांपैकी ते एक. दगडी भिंती, छपरावर दगडाच्याच फरश्या, दाराच्या लाकडी चौकटीवर सुरेख कोरीव काम. शेजारी कर्ज काढून बांधलेल्या सिमेंटच्या दोन खोल्या. त्या बाईंच्या मुलाने जाहिरातीत घातलेली चित्रे मी निघण्यापूर्वी पाहिली होती : रात्री फ्लॅश मारून काढलेली खाट, तिच्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न आलेले ब्लँकेट, पांढऱ्या फरशीचे न्हाणीघर, आणि पंचचूलीच्या पाच शिखरांचे एक चित्र, जे उघडच कुठल्यातरी कॅलेंडरवरून घेतलेले होते. ते कोरीव दार एकाही चित्रात नव्हते.

मी विचारले, "दीदी, हे दार का नाही दाखवले?"

"ते जुने आहे, साहेब. लोक म्हणतील, यांच्याकडे पैसे नाहीत."

या उत्तरावर हसू नये. ज्या वस्तूंना पैसे पडले त्या त्यांनी दाखवल्या, आणि जे आजेसासऱ्यांकडून फुकट मिळाले ते लपवले. कर्ज काढलेल्या माणसाचा हा हिशेब आहे. शिवाय न्हाणीघर दाखवण्यात त्यांचे काही चुकलेही नव्हते. पाहुणा लाजून विचारत नाही, पण पाहतो तेच आधी. चुकले होते ते एवढेच की घर कसे दिसते हे घरात राहणाऱ्याला दिसेनासे होते, आणि ते दाखवून देणारे कोणी त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. तपासणीचे पथक येऊन गेले होते. त्याने खोलीची लांबी-रुंदी मोजली होती.

त्याच गावात खालच्या वाडीत याच्या उलट प्रकार पाहिला. तिथे एका मध्यस्थ कंपनीने शहरातून छायाचित्रकार पाठवला होता. त्याने दूरदर्शन संच हलवला, माळ्यावरची पितळी गागर उतरवून खिडकीत मांडली आणि घरातल्या आजींना रंगवाली पिछौडा पांघरायला लावून जात्यापाशी बसवले. पिछौडा हे कुमाऊँनी बायकांचे मंगलकार्यातले वस्त्र आहे. ते नेसून कोणी दळण दळत नाही. चित्र अप्रतिम आले. पुढे पाहुणे येत ते "त्या आजी कुठे आहेत?" असे विचारत, आणि गुडघे दुखत असताना त्या माऊलीला पुन्हा जात्यापाशी जावे लागे. खोलीही चित्रात दिसे तेवढी मोठी नव्हती. पाहुण्यांनी तक्रारी लिहिल्या त्या कुटुंबाच्या नावाने; छायाचित्रकार केव्हाच शहरात परतला होता.

तेव्हा चांगले छायाचित्र म्हणजे काय, हा प्रश्न केवळ कलेचा नाही. माझी व्याख्या साधी आहे : जे पाहून पाहुणा आला आणि दारात उभा राहिल्यावर त्याला आश्चर्य वाटले नाही, ते चांगले छायाचित्र. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही; आजचा साधा मोबाईल पुरतो. लागते ते थोडे ज्ञान, जे एका दिवसात शिकवता येते.

पहिली गोष्ट, लेन्स पुसणे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मोबाईलच्या लेन्सवर तेलाचा हात हमखास लागलेला असतो, आणि मग प्रत्येक चित्रावर धुके. दुसरी, उजेड. फ्लॅश बंद ठेवावा. खोलीतला पिवळा दिवा आणि खिडकीतून येणारा निळसर उजेड एकत्र आले की भिंती रोगट दिसतात. म्हणून दिवसा चित्र काढताना दिवे विझवावेत, पडदे सारावेत. भर दुपारी खिडकी पांढरीफटक होते आणि खोली काळी. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर बाहेरचा आणि आतला उजेड जुळत येतो, तेव्हा खिडकीतला डोंगर आणि खाटेवरची चादर दोन्ही दिसतात. मोबाईल छातीच्या उंचीवर, अगदी सरळ धरावा. वर किंवा खाली झुकवला की भिंती कलंडतात आणि पाहणाऱ्याला कारण न कळता घराविषयी शंका येते. हात थरथरत असेल तर स्टुलावर ठेवून टायमर लावावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बहुतेक मोबाईलवर ०.५ असे लिहिलेले जे बटण असते, त्याला खोलीत हात लावू नये. त्याने दहा फुटांची खोली सभागृहासारखी दिसते. मोह मोठा असतो. पण त्या खोट्या चार फुटांची किंमत पुढे तक्रारीच्या रूपाने कुटुंबालाच मोजावी लागते. खिडकीतून हिमशिखरे दिसत असतील तर ती खिडकीच्या चौकटीसह दाखवावीत, म्हणजे ती याच खोलीतून दिसतात हे कळते. आणि पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ढगांत असतात, म्हणून जुलैतलेही एक चित्र जोडावे. रस्त्यापासून घरापर्यंतच्या पायऱ्या दाखवाव्यात. ऐंशी पायऱ्या चढून धापा टाकत आलेले सत्तर वर्षांचे काका पहिल्या दिवसापासून रागावलेले असतात. त्या पायऱ्या आधी दिसल्या असत्या तर ते एकतर आले नसते, किंवा हौसेने आले असते.

कायदाही याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आळा घालतो. त्याखाली २०२० साली झालेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, विक्रेत्याने दिलेले वर्णन आणि चित्रे प्रत्यक्ष वस्तू-सेवेशी जुळतील असे हमीपत्र मध्यस्थ संकेतस्थळाने घ्यायचे असते. म्हणजे सही कुटुंबाची. चित्र फुगवले दुसऱ्याने, आणि कायद्यापुढे उभे राहायचे दीदींनी, अशी स्थिती सहज येऊ शकते.

दुसरा कायदा त्याहून कमी लोकांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. कुटुंबाने स्वतः पैसे देऊन चित्रे काढून घेतली तर ती कुटुंबाची. मध्यस्थाने "फुकट" छायाचित्रकार पाठवला तर ती चित्रे सहसा कुटुंबाची होत नाहीत. मध्यस्थ बदलायचा म्हटले की आपल्याच घराची चित्रे मागे सोडून जावे लागते. आणि शासनाने काढली तर? त्याच कलमाप्रमाणे शासकीय कृतीची पहिली मालकी शासनाची. म्हणून शासनाने हे काम हाती घेतले तर चित्रे वापरण्याचा हक्क कुटुंबाला लेखी दिला पाहिजे, नाहीतर एका सावकाराच्या जागी दुसरा येईल.

यावर सहकाऱ्यांकडून एक आक्षेप नेहमी येतो : खाजगी धंद्याची जाहिरात करणे हे शासनाचे काम आहे का? माझे उत्तर असे की शासन शेतकऱ्याचा कांदा विकत नाही, पण बाजारातला वजनकाटा खरा आहे ना हे तपासते. ज्या बाजारात माल न पाहता सौदा होतो, तिथे छायाचित्र हाच काटा आहे. शिवाय ज्या खोलीच्या कर्जावर आपण व्याजाची सवलत देतो, ती रिकामी राहिली तर ते पैसे कुठे गेले हे शेवटी आपल्यालाच सांगावे लागते.

मात्र याची राज्यव्यापी निविदा काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. निविदा निघाली की राजधानीतली एक संस्था येईल, तिच्या अटीत बसणारा एक साचा तयार होईल आणि मुन्सियारीपासून मालवणापर्यंत सर्व घरे एकाच हॉटेलातल्या खोल्यांसारखी दिसू लागतील. प्रत्येक तालुक्यात लग्नाची छायाचित्रे काढणारी तरुण मुले आहेत. लग्नसराई संपली की रिकामी असतात. त्यांना एक दिवस शिकवावे आणि घरामागे मोबदला द्यावा. गावातल्याच माणसाला आजी केव्हा पिछौडा नेसतात हे ठाऊक असते. मुन्सियारीजवळच्या सरमोलीत बायकांनी २००४ पासून आपल्या हिमतीवर होमस्टे उभे केले, आणि २०२३ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने त्या गावाला सर्वोत्तम पर्यटन ग्राम म्हणून गौरवले. तिथे काय दाखवायचे आणि काय घरातच ठेवायचे, हे गावाने ठरवले, बाहेरून आलेल्या कोणी नव्हे.

नव्या योजनेचीही गरज नाही. एक परिपत्रक पुरे : तपासणीच्या दिवशी पथकाबरोबर स्थानिक छायाचित्रकार असावा, पायऱ्या, दर्शनी भाग, खोली, खिडकी, न्हाणीघर आणि जेवणाची जागा यांची तारखेसह चित्रे घ्यावीत, माणसांचे चित्र त्यांनी होकार दिला तरच, एक प्रत फाईलला, मूळ चित्रे पूर्ण आकारात घरमालकाला, वापराच्या लेखी हक्कासह, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी ती पुन्हा काढावीत, कारण तोवर भिंतीचा रंग उडालेला असतो आणि अंगणातले झाड वाढलेले असते. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा हा प्रश्न वित्त विभाग विचारीलच. प्रचार-प्रसिद्धीच्या तरतुदीतून, असे त्याला सांगता येईल. राजधानीतल्या विमानतळावरचा एखादा फलक त्या वर्षी कमी लागला तरी चालेल.