नोंदीचा धनी कोण?

शासकीय कारभारात संगणक आणणे फारसे अवघड नाही; त्यातील नोंद खरी ठेवणे अवघड आहे. या दृष्टीने वारणानगरचा अनुभव उद्‌बोधक ठरावा. १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून परिसरातील ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना हाती घेतली. शेती, आरोग्य, शिक्षण इत्यादींची माहिती गावातच मिळावी, हा हेतू निःसंशय स्तुत्य होता.

प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग झाला तो मुख्यतः ऊस व खतांच्या हिशेबासाठी. याचे कारण उघड आहे. त्या नोंदींवर कारखान्याचा रोजचा व्यवहार चालत असे. त्या अचूक ठेवण्यात त्याचे हित होते. इतर माहितीला असा धनी नव्हता. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ७ गावांत केलेल्या प्रयोगात हेच काम मोबाईलवरील लघुसंदेशांनी कमी खर्चात होऊ शकते, असे दिसून आले.

यंत्रखरेदी हा एकदाचा भांडवली खर्च. देखभाल, वीज व माणसे हा आवर्ती खर्च. आपली अंदाजपत्रके पहिल्याबाबत उदार, तर दुसऱ्याबाबत कृपण असतात. सातबारा संगणकावर आला, तरी चुकीची नोंद कोणी व किती दिवसांत दुरुस्त करावयाची हे निश्चित नसेल, तर खातेदाराचे हेलपाटे चुकत नाहीत. तेव्हा यापुढे कोणत्याही योजनेस मंजुरी देण्यापूर्वी, नोंदीस जबाबदार कोण आणि पाचव्या वर्षीचा खर्च कोण सोसणार, या दोन प्रश्नांची उत्तरे शासनाने लेखी मागितली पाहिजेत.