धुराची परीक्षा



अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टाइम्स बीच नावाचं छोटंसं गाव होतं. रस्त्यांवर धूळ उडू नये म्हणून १९७०च्या दशकात तिथे टाकाऊ तेल शिंपडलं गेलं. त्यातून डायॉक्सिन हे जहाल विष मातीत मुरल्याचं १९८२ साली उघड झालं. सरकारने गाव विकत घेऊन रिकामं केलं आणि १९९६-९७ मध्ये तिथली माती भट्टीत जाळली. आसपासच्या लोकांना धास्ती वाटली, जमिनीतलं विष आता हवेत गेलं तर?

तुम्ही म्हणाल, जाळल्यावर विष उरेल कसं? खरी मेख इथेच आहे. भट्टीत नष्ट झालेलं डायॉक्सिन धूर थंड होता होता पुन्हा तयार होऊ शकतं! म्हणून परीक्षा धुराड्यातल्या धुराची. तिथला नियम मोठा कडक. साध्या घातक कचऱ्यालासुद्धा पास व्हायला ९९.९९ टक्के लागतात. म्हणजे १०० किलो विष आत गेलं, तर बाहेर १० ग्रॅमच्या वर निघता कामा नये. डायॉक्सिनवाल्या कचऱ्याला ९९.९९९९ टक्के! करा बरं गणित.

धूर पकडायचा कसा? धुराड्याच्या भोकातून लांब नळी आत सरकवतात आणि पंपाने धूर ओढतात. मात्र धूर ज्या वेगाने वर जातोय, नेमक्या त्याच वेगाने तो नळीत शिरायला हवा. समजा, पंप जास्त जोरात ओढतोय. आजूबाजूचा वायू वळून नळीत येतो. पण भरधाव सायकल ऐनवेळी वळते का? तसेच धुळीचे जड कण सरळ निघून जातात. नमुन्यात धूळ कमी दिसते आणि भट्टी फुकटात पास! हळू ओढलं तर उलट. वायू बाजूने निसटतो, कण मात्र आत घुसतात. डायॉक्सिन या कणांनाही चिकटतं, म्हणून एवढी काळजी.

पुढे कण गाळणीत अडकतात आणि वायुरूप विष थंड ठेवलेल्या राळेच्या बारीक मण्यांत.

आता मला सगळ्यात आवडणारी युक्ती सांगतो. राळेत आधीच मोजून थोडं खुणेचं डायॉक्सिन घालतात. त्यातला कार्बन किंचित जड असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतलं यंत्र त्याला वजनावरून ओळखतं. घातलेलंच पुरतं परत मिळालं नाही, तर धुरातलंही कुठेतरी हरवलं असणार! शिवाय एक कोरा संच धुराड्यापर्यंत नेऊन, धूर न ओढताच परत आणतात. त्यात विष सापडलं, तर ते हाताळताना शिरलेलं.

हो, गणिताचं उत्तर राहिलंच. १०० किलोमागे ०.१ ग्रॅम.