सध्या काय ऐकताय, सर?

मुंबई-पुण्याच्या जॅझप्रेमींना एक चांगली सवय आहे. भेटले की, किंवा न भेटताही, ते एकमेकांना सांगतात : सध्या हा अल्बम ऐकतोय. कुणी जुन्या रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो टाकतो, कुणी फक्त नाव आणि साल लिहितो. मग दुसरा म्हणतो, हा ऐकला असशील तर तोही ऐक. ही सवय आपल्याकडं, म्हणजे यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या मुस्लिम घरांतही यावी, असं माझं म्हणणं आहे. पण शहरात ती ज्या रूपात चालते, त्या रूपात येऊ नये, हेही माझं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंची मंडळी नाराज होतील. होऊ द्या.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मध्यंतरी अहमद जमाल यांच्या एका अल्बमचं कव्हर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवलं होतं. दोन निरोप आले. एक ओळखीच्या बुजुर्गांचा : “सर, आप तो बच्चों को पढ़ाते हो, ये क्या लगा के रखे?” दुसरा शहरात स्थायिक झालेल्या वर्गमित्राचा : “यवतमाळात जॅझ? भारीच की!” पहिल्यात काळजी होती, दुसऱ्यात कौतुक. मला मात्र दोन्हींत एकच वाक्य ऐकू आलं : हे तुझं नव्हे.

आधी बुजुर्गांशी बोलतो. जनाब, ज्याचं कव्हर पाहून आपण तौबा केलीत, त्या माणसाचं नाव तरी वाचलंत का? अहमद जमाल. 1930 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जन्मले तेव्हा ते फ्रेडरिक रसेल जोन्स होते. विशीत इस्लाम स्वीकारला, नाव बदललं आणि 2023 साली गेले ते अहमद जमाल म्हणूनच. माइल्स डेव्हिससारखा वादक उघडपणे सांगत असे की मी यांच्याकडून शिकतो. पैसा आल्यावर जमाल यांनी शिकागोत स्वतःचं ठिकाण काढलं, नाव ठेवलं ‘अल्हम्ब्रा’, आणि तिथं दारू ठेवली नाही. जॅझच्या क्लबात दारू नाही म्हणजे धंदा बसणार, हे कळायला हिशेबनीस लागत नाही. ते ठिकाण दोनेक वर्षांत बंदही झालं.

आणि ते एकटे नव्हते. ढोलकांचा तो बादशहा आर्ट ब्लेकी मुसलमान झाल्यावर अब्दुल्ला इब्न बुहैना झाला, म्हणून दोस्त त्याला ‘बू’ म्हणत. पियानोवादक मॅकॉय टायनर, ड्रमर केनी क्लार्क, दक्षिण आफ्रिकेचे अब्दुल्ला इब्राहिम. या शेवटच्या माणसाची 1974 सालची ‘मॅननबर्ग’ ही धून वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात लोकांनी आपली मानली. अमेरिकेतल्या काळ्या वादकांना इस्लाममध्ये काय दिसलं असेल? गुलामीतून मालकाचं आडनाव घेऊन आलेल्या माणसाला स्वतःचं नाव मिळणं, हे काही लहान काम नाही. त्यांतले अनेक जण अहमदिया मिशनऱ्यांमुळं या वाटेवर आले. पहिला मिशनरी 1920 साली तिथं पोचला तो आपल्याच पंजाबातून. त्या जमातीविषयी आपल्याकडं काय मतं आहेत ते मला ठाऊक आहे. तो वाद इथं उकरायचा नाही.

यांच्यातले मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते युसुफ लतीफ. कारण ते शिक्षक होते. सॅक्सोफोन, बासरी, ओबो वाजवायचे, आणि 1975 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली. विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षण. आमच्या बीएडच्या पुस्तकांत ड्यूई होते, रूसो होते. हे नाव कुणी सांगितलं नाही. ‘जॅझ’ हा शब्द त्यांना अपमानकारक वाटे. पुढं पुढं तर जिथं दारू मिळते तिथं वाजवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं.

आता हरामचा मुद्दा. मी मुफ्ती नाही आणि फतवा काढत नाही. पण वाचता येतं. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समा, म्हणजे ऐकणं, यावर आख्खं प्रकरण लिहिलं. काही तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं त्यांनी वर्ज्य ठरवली हे खरं. त्याचं कारणही त्यांनीच दिलं : ती त्या काळी दारूबाजांच्या मैफिलींची खूण होती. मग ज्यांनी नेमकी दारूच मैफिलीतून हाकलली, त्या लतीफ आणि जमाल यांच्याबद्दल बोलताना निदान आवाज खाली ठेवावा, एवढीच अर्जी आहे. आणि ज्यांना आर्णीच्या बाबा कंबलपोश दर्ग्याच्या उरूसातली कव्वाली चालते, हार्मोनियमसकट चालते, त्यांनी सॅक्सोफोनलाच जहन्नमचं तिकीट का द्यावं? जे कव्वालीही मानत नाहीत त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते एका बोलीचे आहेत. माझं भांडण आहे ते संदलमध्ये डीजेपुढं पोरांना नाचू देऊन मास्तरचं स्टेटस तपासणाऱ्यांशी.

समाच्या चर्चेत सूफींनी तीन अटी सांगितल्या आहेत : जमान, मकान, इख्वान. वेळ, जागा आणि सोबती. तिसरी अट मला नेहमी विचारात पाडते. ऐकणं एकट्याचं असून भागत नाही, सोबती नीट हवेत. “सध्या काय ऐकतोय” हे दुसऱ्याला सांगणं म्हणजे सोबती शोधणंच की. आमच्या तालुक्याच्या गावात असे सोबती मिळणं किती कठीण, हे शहरातल्यांना कळणार नाही. आमच्याकडं पोरं कानात इअरफोन घालून चोरून ऐकतात आणि कुणी विचारलं तर नात लावलीय म्हणतात. खोटं बोलायला आपणच शिकवतो आणि पुन्हा मूल्यशिक्षणाचा तासही आपणच घेतो.

आता शहरातल्या मित्रांकडं वळतो. तुमच्या याद्या मी वाचतो. कोलट्रेन, माइल्स, मंक. बाजूला ग्लास, मागं पुस्तकांचं कपाट. ठीक आहे, शौक आहे. पण त्या याद्यांत आपल्या मातीतलं कोण असतं? झाकीरभाई असतात. ते गेल्यावर आठवडाभर सगळे ‘शक्ती’ ऐकत होते. त्यांचे वालिद उस्ताद अल्लारखा यांनी 1968 साली ड्रमर बडी रिच यांच्यासोबत रेकॉर्ड केली, ती कितीजण ऐकतात? त्याच वर्षी शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ आली; सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळे अमेरिकन वादक वाजवत होते, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी ही विद्या उचलली. अल्डोन्याच्या आंतोनियो झेवियर वाझचा ‘चिक चॉकलेट’ झाला. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांनी 1951च्या ‘अलबेला’त त्याला बँडसकट पडद्यावर आणलं. बाकी शेकडो वादकांची नावं रेकॉर्डवर आलीच नाहीत. संगीतकार, गीतकार, गायक, संपलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले, म्हणून 1977 साली निदान एका गाण्यात तरी ते नाव आलं, आणि लोकांना ते नाव काल्पनिकच वाटलं.

म्हणून माझी शहरवाल्यांकडं एक मागणी आहे. कव्हर टाकता तर वाजवणाऱ्यांची नावंही टाका. बास कुणाचा, ड्रम कुणाचे. आणि यवतमाळ म्हटलं की कापूस आणि आत्महत्या यांच्यापलीकडंही माणसं असतात, तीही ऐकतात आणि काही तर वाजवतात, हे ध्यानात घ्या.

वाजवतात म्हणजे काय, ते सांगतो. जॅझ जन्मला तो न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर, बँडबाजाच्या पोटी. ट्रम्पेट, क्लॅरिओनेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल. लग्न, मिरवणूक, मय्यत. कब्रस्तानाकडं जाताना संथ चाल, परतताना नाचरी. आता आपल्या गावच्या बँड पार्टीकडं बघा. तीच वाद्यं. गोऱ्या पलटणीच्या बँडमधून ती आपल्याकडं आली आणि गरीब मुसलमान आणि दलित घरांच्या हातात गेली. नोटेशन नाही, शाळा नाही. एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी वरातीत वाजतं. न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी त्याच कामावर जगाचं संगीत उभं केलं. आपण त्याच कामाला ‘बाजेवाला’ म्हणून नाक मुरडतो, आणि मुलीच्या रिश्त्याच्या वेळी विचारतो, लडके के घर में कोई बाजा तो नहीं बजाता?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. ‘माझे आजोबा’ या निबंधात त्यानं लिहिलं, आजोबा दुकान चालवतात. दुकान नव्हतं. आजोबा चाळीस वर्षं क्लॅरिओनेट वाजवत होते आणि अख्ख्या तालुक्याला ते माहीत होतं. पोराला कुणी सांगितलं असतं की अमेरिकेत याच वाद्यासाठी लोक तिकीट काढतात, तर त्या निबंधात दुकान आलं नसतं. आता डीजेनं बँडची कामं खाल्ली आहेत. आजोबांची पेटी माळ्यावर आहे.

जातीला आणि पेशाला लाजणाऱ्या समाजात “मी काय ऐकतो” हे उघड सांगणं नुसता शौक राहत नाही. जो ऐकल्याचं लपवतो, तो उद्या वाजवल्याचंही लपवतो. आपल्या मुलांना आपल्याच कलाकारांची लाज वाटावी, याची तयारी आपण घरातच करतो आहोत, आणि त्याला दीनदारी म्हणतो. दीनच्या नावावर हे खपवू नका.

माझी या महिन्याची यादी देतो, नावांसकट.

अहमद जमाल, ‘अ‍ॅट द पर्शिंग’, 1958. बासवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रमवर व्हर्नेल फोर्नियर. हे फोर्नियर न्यू ऑर्लिन्सचेच. ‘पोइन्सियाना’मधला त्यांचा ठेका नीट ऐका, त्यात त्यांच्या गावच्या मिरवणुकीचा मोठा ढोल आहे. 1975 साली तेही मुसलमान झाले, अमीर रुशदान.

युसुफ लतीफ, ‘ईस्टर्न साउंड्स’, 1961चं ध्वनिमुद्रण. पियानो बॅरी हॅरिस, बास अर्नी फॅरो, ड्रम लेक्स हम्फ्रीज. फजरनंतर, चहा होईपर्यंत.

आणि मोबाइलवर भरलेलं अकरा मिनिटांचं क्लॅरिओनेट. माळ्यावरची पेटी एकदा खाली काढायला लावली होती, तेव्हाचं. मागं बकरी ओरडते आहे आणि एक सूर दोनदा चुकला आहे. वाजवणाऱ्याचं नाव मी इथं देत नाही. त्यांना विचारलंय, ते अजून हो म्हणालेले नाहीत.