किंमत मातीची नाही, शिक्क्याची



कॅनडातल्या हॉकीच्या मैदानाशी कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जमिनीचा आहे. जमिनीला भाव कोण चढवतो आणि तो कोणाच्या खिशात जातो, हे या प्रकरणात उघडउघड दिसते.

कॅनडाची राजधानी ओटावा. तिथली हॉकी बर्फावरची, छपराखालच्या मैदानात खेळली जाते. संघ धंदेवाईक मालकांचे. ओटावा सेनेटर्स या संघाचे मैदान शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटर पश्चिमेला, कनाटा भागात आहे. ते तिथेच राहावे की मध्यवस्तीतल्या लेब्रेटन फ्लॅट्सवर नवे बांधावे, यावर तिथले शौकीन वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. एक म्हणतो, थंडीच्या रात्री एवढ्या लांब कोण जाणार? दुसरा म्हणतो, कनाटात गाड्या लावायला मोकळी जागा आहे, शहरात ती कुठून आणणार? तिसरा म्हणतो, २०१९ पासून लेब्रेटनला शहरी रेल्वे आहे, गाडी हवी कशाला?

वाद रंगतो तो अंतराचा आणि गाड्यांचा. ही 'मोकळी जागा' आली कुठून, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

ती शेती होती. डिसेंबर १९९० मध्ये ब्रूस फायरस्टोन यांच्या टेरेस कंपनीला हा संघ मिळाला. प्रवेश फी पाच कोटी अमेरिकी डॉलर. टेरेसचा मूळ धंदा जमीनजुमल्याचा. तिने कनाटाजवळ सुमारे ६०० एकर शेतजमीन हाती घेतली. हिशेब सोपा होता. शेतीच्या भावाने घ्या, बिगरशेती करून घ्या, चढलेल्या भावातून संघ आणि मैदान उभे करा. अकृषकचा शिक्का बसला की सातबारावरच्या त्याच तुकड्याचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने विरोध केला. सुपीक जमीन अशी घालवता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. प्रकरण नियोजन लवादापुढे गेले. १९९१ मध्ये निकाल लागला. मैदानासाठी सुमारे १०० एकर दिले, भोवतालच्या जमिनीवर बांधकामाला मनाई केली, २२,५०० खुर्च्यांचे १८,५०० केले आणि महामार्गावरून उतरायचा रस्ता कंपनीच्या खर्चाने करायला लावला. मैदान जानेवारी १९९६ मध्ये उघडले. जानेवारी २००३ मध्ये संघ दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टाच्या दारात उभा होता.

सरकारने माती वाचवायला धाव घेतली, हे चांगलेच. आम्ही शेतकीचे शिक्षण घेतलेले लोक. वीतभर माती तयार व्हायला किती शतके जातात ते जाणतो. पण माती वाचवा म्हणणाऱ्यांना आमचा एक सवाल आहे. माती वाचवण्याचा खर्च कोणी सोसायचा? जमीन शेतीच राहिली पाहिजे असा कायदा केला की तिचा भाव शेतीच्या उत्पन्नाएवढाच राहतो. आणि त्या उत्पन्नाला तुम्ही भाव देत नाही. मग ज्याच्याकडे वकील आहेत, पैसा आहे, तो येतो, स्वस्तात घेतो आणि शिक्का मारून आणतो. पिढ्यान्पिढ्या नांगर धरणाऱ्याच्या हाती जुना भाव, अर्ज करणाऱ्याच्या हाती नवा. याला आम्ही शेतीचे संरक्षण म्हणत नाही. हे दुसऱ्यासाठी राखून ठेवलेले कुरण आहे.

मध्यवस्तीवाल्यांनीही फार मिरवू नये. लेब्रेटन फ्लॅट्सही 'मोकळे' नव्हते. मूळची भूमी अल्गोंक्विन लोकांची. पुढे तिथे कामगारांची वस्ती झाली. १९६२ मध्ये केंद्र सरकारच्या राजधानी आयोगाने सरकारी कचेऱ्यांसाठी ती सक्तीने घेतली, सुमारे २,८०० माणसे उठवली, घरे पाडली. कचेऱ्या झाल्याच नाहीत. जागा चाळीस वर्षे बहुतांशी ओसाड राहिली. २०१६ मध्ये मैदानाची योजना निवडली गेली, ती भागीदारांच्या भांडणात २०१९ ला मोडली. २०२५ मध्ये दहा-अकरा एकर संघाला विकायचे पुन्हा ठरले. ज्यांना उठवले त्यांना त्या चढलेल्या किमतीतले काय मिळाले?

माणसांना आधी विचारले तर काय होते, तेही पाहा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी गावात अशाच हॉकी मैदानाचा प्रस्ताव मतदानाला टाकला. जागा जुन्या कचरा डेपोची होती, पिकाऊ शेतीही नव्हती. तरी मे २०२३ मध्ये लोकांनी नकार दिला. २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. शौकिनांना दुःख झाले असेल. पण निर्णय गावाचा होता.

आमचे म्हणणे एवढेच. मैदान असो, कारखाना असो, विमानतळ असो, 'कुठे बांधायचे' या वादात शिरण्याआधी तीन गोष्टी विचारा. जमीन कोणाची? शिक्क्यानंतर चढणाऱ्या भावात मूळ मालकाचा वाटा किती? योजना बुडाली तर जमीन परत कोणाला? उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत सही नाही, अंगठा नाही.

आणि कोणी तुमच्या वावराला 'मोकळी जागा' म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. उन्हाळ्यात ते मोकळे दिसते. मृगात पेरायचे आहे.