देवळातला डायनासोर आणि आपली घाई

मोबाईलवर एक फोटो अधूनमधून फिरून येतो. जुन्या देवळाची दगडी भिंत, तिच्यावर एक कोरीव वर्तुळ आणि त्यात जाडजूड, चार पायांचा प्राणी. पाठीवर पाकळ्यांसारखी एक रांग. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की हा डायनासोर आहे आणि शास्त्रज्ञ हे लपवताहेत. आपण 'बाप रे' म्हणतो आणि पुढे पाठवून मोकळे होतो.

शिल्प खरं आहे, त्यात काही खोटं नाही. ते कंबोडियात, अंगकोर परिसरातल्या ता प्रोम इथं आहे. राजा सातवा जयवर्मन यानं ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ हे बौद्ध मंदिर आणि विहार उभारला. भिंतींवर चढलेली प्रचंड झाडांची मुळं 'टूम रेडर' या २००१ च्या सिनेमात तुम्ही पाहिली असतील. त्याच्या जतनाच्या कामात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचाही हात आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

प्रश्न आहे तो या प्राण्याला स्टेगोसॉरस म्हणण्याचा. स्टेगोसॉरस पृथ्वीवर होता सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी. त्याला हे नाव मिळालं १८७७ मध्ये, अमेरिकेत सापडलेल्या हाडांवरून. गंमत बघा, नाव देणारे शास्त्रज्ञ मार्श यांच्या हातात प्रत्यक्ष हाडं होती, तरी पाठीवरच्या त्या तकटांची जागा त्यांना पहिल्यांदा नीट कळली नाही. ती छपरावरच्या कौलांसारखी आडवी बसत असतील, असं त्यांना वाटलं. म्हणूनच नावाचा अर्थ 'छप्परवाला सरडा'. शिल्पातल्या प्राण्याचं डोकं मोठं आहे, स्टेगोसॉरसचं शरीराच्या मानानं अगदी लहान होतं. शेपटीवरचे लांब काटे तर शिल्पात नाहीतच.

मग तो आहे कोण? माझं म्हणणं असं, की उत्तर शोधण्याआधी शेजारी बघा. त्या फोटोत शेजार कापलेला असतो, हीच खरी गोम आहे. त्याच खांबावर एकाखाली एक अशी वर्तुळं आहेत. त्यांत माकड आहे, हरीण आहे, म्हैस आहे, पक्षी आहेत. म्हणजे कारागीर त्याच्या ओळखीचं रान कोरत होता. वर्तुळातली रिकामी जागा पानाफुलांनी भरायची त्याची रीत होती. पाठीवरची 'तकटं' ही मागची पानं असू शकतात. काही अभ्यासक त्याला गेंडा म्हणतात, काही रानडुक्कर, काही सरडा. गेंडा तिथल्या कारागिरांना नवा नव्हता. आपल्याकडे अग्नीचं वाहन मेंढा, पण अंगकोर वाटच्या भिंतींवर अग्नी गेंड्यावर बसलेला आहे!

आता जरा घराजवळ या. सहलीला आपण हळेबीडला जातो. ते देऊळही बाराव्या शतकातलंच. तिथं भिंतीवर मकरांची अख्खी रांग आहे. तोंड मगरीचं, सोंड हत्तीची, मागं मोरासारखा पिसारा. असा प्राणी कधीकाळी कर्नाटकात फिरत होता, असं म्हणतो का कुणी? नाही म्हणत. कारण त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. कीर्तिमुखाचं तेच, व्याळाचं तेच. नाव माहीत असलं की ती कारागिराची कल्पना, आणि नाव माहीत नसलं की डायनासोर. हा कुठला न्याय?

या घाईमागं दोन टोकांची माणसं आहेत. परदेशात काही ख्रिस्ती प्रचारक हे शिल्प दाखवून सांगतात, की माणूस आणि डायनासोर एकाच काळात होते, म्हणून पृथ्वी काही हजार वर्षांचीच. आपल्याकडे काही जण त्यातून आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान अवगत होतं असं काढतात. दोघांची भांडणं वेगळी, पण चूक एकच. दोघांनाही शिल्पाशी देणंघेणं नाही, त्यांना साक्षीदार हवा आहे. खरं तर श्रद्धेला असल्या कुबड्या लागत नाहीत आणि पूर्वजांच्या मोठेपणालाही लागत नाहीत.

यात नुकसान होतं ते त्या कारागिराचं. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन तळहाताएवढ्या जागेत एक जिवंत प्राणी बसवला. आपण त्याला डायनासोर म्हटलं, की त्याची नजर, त्याची रीत, त्याची मस्करीसुद्धा पुसून टाकतो. जणू त्याला स्वतःच्या मनानं काही सुचणारच नव्हतं. वर मिरवतो असं, की आपण त्याचा गौरव केला!

म्हणून मित्रांनो, एवढंच करू या. असा फोटो आला की आधी अख्ख्या भिंतीचा फोटो मागायचा. देवळात गेलो की अनोळखी प्राण्यापुढे पाच मिनिटं थांबायचं, आजूबाजूला काय कोरलंय ते बघायचं, पुजाऱ्याला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं. तरीही उमगलं नाही तर 'कळलं नाही बुवा' असं म्हणून यायचं. त्यात कमीपणा कसला? न कळलेलं शिल्प पुन्हा बघायला बोलावतं. चुकीचं नाव चिकटवलेल्या शिल्पाकडे मात्र कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही.