हापूसला नाव आहे, वारलीला का नाही?

मे महिन्यात रत्नागिरीतल्या एखाद्या बागायतदारासमोर म्हणून बघा, ‘आंबा म्हणजे आंबा. कर्नाटकचा काय नि रत्नागिरीचा काय!’ तो तुम्हाला पडवीत बसवेल आणि तासभर ऐकवेल. कातळ फोडून लावलेली कलमं, खारा वारा, मोहोर, फवारण्या, राखणीच्या रात्री, सगळं सांगेल. परराज्यातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकणाऱ्यांना शेलक्या शिव्याही घालेल. त्याचं बरोबरच आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भांडणातून. आता तर पेटीवर क्यूआर कोड लावण्यापर्यंत गोष्ट गेली आहे. फळ कुणाच्या बागेतलं हे कळलंच पाहिजे, यावर कोकणात दुमत नाही.

आता त्याच पडवीची भिंत बघा. बागेला जोडून होमस्टे काढला असेल, तर भिंत बहुतेक गेरूच्या रंगाची असेल आणि तिच्यावर पांढरी त्रिकोणी माणसं फेर धरून नाचत असतील. मध्ये तारपा वाजवणारा. कुणी काढलं, असं विचारा. ‘पेंटरने नेटवरून बघून काढलं.’ किंवा, ‘स्टिकर आहे, ऑनलाइन मागवला.’

वारली समाज रत्नागिरीचा नाही. त्यांचा मुलूख डहाणू, तलासरी, जव्हारकडचा, इथून उत्तरेला साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. गंमत अशी, की हापूसचं मानांकन ज्या पाच जिल्ह्यांना मिळालं त्यांत पालघरही आहे. म्हणजे आंब्यासाठी आपण एका यादीत बसतो. चित्राची गोष्ट आली की मात्र तिकडचा माणूस यादीतून गळतो आणि नक्षी तेवढी उरते.

हे घडतं एका गोड शब्दामुळे : लोककला. शब्द ऐकायला मानाचा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ होतो, ‘ही कुणाचीच नाही, तेव्हा घ्या.’ कॅनव्हासवर तैलरंगात काढलं की चित्रकार, खाली सही, किंमत ठरलेली. शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलं की ‘परंपरा’. आणि परंपरेला कोण पैसे देतो?

जिव्या सोमा म्हसे यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? 1934 चा जन्म, डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावरचा माणूस. कुठल्या कला महाविद्यालयाची पायरी त्यांनी चढली नव्हती. लहानपणी आई गेली, तेव्हा त्यांचं बोलणंच थांबलं आणि ते मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगू लागले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात पोचले आणि म्हशांची चित्रं कागदावर, कापडावर बाहेर आली. भातलावणी, मासेमारीचं जाळं, नाच, वारूळ, गाडीवाट. सगळं आपल्या पाड्याचं जगणं. 1989 मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात ती लागली. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 च्या मे महिन्यात ते गेले. हापूसला मानांकन मिळालं त्याच वर्षी.

म्हशांचं जाळ्याचं चित्र नीट बघितलंत तर कळेल, की हे ‘वारली स्टाइल’ वगैरे नाही. अख्ख्या कापडभर बारीक विणीचं जाळं पसरलेलं, आणि ते विणणारा हात एकाच माणसाचा. म्हणजे परंपरा समाजाची असते, चित्र मात्र कुणीतरी काढलेलं असतं. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

त्याआधीचा हिशेबही राहिलेला आहे. वारल्यांच्या लग्नात देवचौक लिहायच्या त्या सवाशिणी. पालघट देवीभोवतीची ती सगळी नक्षी बायकांच्या हातची. चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागदाला पैसे आले, आणि प्रसिद्धी प्रामुख्याने पुरुषांची झाली. त्या सवाशिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ‘लोककला’ म्हणून नाव न लिहिण्याची पहिली किंमत त्यांनी मोजली.

जगात दुसरीकडे काय झालं तेही बघू. अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियानात, क्लेमेंटाइन हंटर नावाची कृष्णवर्णीय बाई होती. मळ्यावर कापूस वेचला, मालकांच्या घरी स्वयंपाक केला. लिहितावाचता येत नव्हतं. पन्नाशीच्या आसपास, मळ्यावर आलेल्या कुणा चित्रकाराचे उरलेले रंग हाती लागले आणि ती आपल्या लोकांचं आयुष्य रंगवू लागली : कापूसवेचणी, धुणं, लग्न, बाप्तिस्मा, मयत. सुरुवातीला चित्रं चिल्लर पैशांत गेली. 1955 मध्ये जवळच्या कॉलेजात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांसोबत आत जायची तिला मुभा नव्हती. पण अक्षर न येणारी ही बाई चित्रावर आपली खूण करायची : एक उलटा सी आणि त्यात एच. पुढे त्या दोन अक्षरांना एवढी किंमत आली, की तिची खोटी चित्रं विकणाऱ्याला 2011 मध्ये कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला.

हंटरची नक्कल गुन्हा ठरली, कारण तिच्या चित्राला नाव होतं. आपल्याकडे वारलीची नक्कल करणारा ‘संस्कृती जपतो’.

यावर नेहमीची उत्तरं तयार असतात. पहिलं, ‘गोल आणि त्रिकोण कुणाच्या मालकीचे असतात का?’ नसतात. आंब्याचं झाडही कुणा एकाच्या मालकीचं नाही. तरी रत्नागिरीचं लेबल कुणीही लावलेलं आपल्याला चालत नाही. वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन आहे. फक्त त्यासाठी भांडायला तिच्यामागे बाजार समिती आणि व्यापारी उभे नाहीत.

दुसरं उत्तर, ‘आमच्या गावच्या पेंटरचंही पोट आहे.’ अगदी आहे. मग त्याला विचारा ना, तू काय बघत मोठा झालास? शिमग्यात पालखी नाचवणारे खांदे, नमन-खेळ्यातलं संकासुराचं सोंग, जाखडीचा फेर, मिरकरवाड्यावर पहाटे लागणाऱ्या होड्या, घळाने आंबा उतरवणारा गडी. हे त्याला येतं. ते त्याने काढावं आणि खाली सही करावी. दुसऱ्या समाजाचं लग्न भिंतीवर उतरवायला लावून आपण त्यालाही बिननावाचाच ठेवतो.

तिसरं उत्तर, ‘यामुळे वारली घराघरात पोचली.’ पोचली ती नक्षी. शाळेतल्या पोराला विचारा, वारली म्हणजे काय? तो म्हणेल, त्रिकोणी माणसं काढतात ते. वारली हा हाडामांसाचा समाज आहे, 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांसोबत तो जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठला होता, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. वेठ म्हणजे काम घ्यायचं आणि दाम द्यायचा नाही. तेव्हा अंगावर वळ उठायचे, आज उठत नाहीत, हा फरक मोठाच आहे. पण काम त्यांचं आणि कमाई दुसऱ्याची, हा हिशेब ओळखीचा वाटत नाही का?

मागणी साधी आहे. भिंतीवर वारली हवी असेल, तर डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रकाराला बोलवा. आज तिथे चित्रांवर घर चालवणारी तरुण मुलं-मुली आहेत आणि ती फोनवर सापडतात. येण्या-जाण्याचा खर्च द्या, मजुरी द्या, चित्राच्या कोपऱ्यात नाव लिहू द्या. बजेट नसेल, तर भिंत कोरी ठेवा. कोरी भिंत काही वाईट दिसत नाही.

आणि तुम्ही, जे त्या भिंतीसमोर उभे राहून रील काढता, एआयला ‘वारली स्टाइलमध्ये माझा फोटो’ सांगता, तुमच्याही हातात एक गोष्ट आहे. चेक-इन करताना वायफायचा पासवर्ड विचारता, तेव्हाच विचारा : हे चित्र कुणी काढलंय? उत्तर मिळालं, तर ते नाव कॅप्शनमध्ये लिहा. मिळालं नाही, तर रिव्ह्यूमध्ये तेही लिहा. पेटीवरचं नाव वाचल्याशिवाय आपण आंबा घेत नाही. भिंतीपुढेही तेवढाच चोखंदळपणा दाखवायला काय हरकत आहे?